जेन ॲडम्स यांची पत्रे: विषयवार की तारीखवार?

चि. विद्यार्थिनीस,


पत्रास कारण की, जेन ॲडम्स यांच्या पत्रव्यवहारावरील प्रबंधाचा जो आराखडा तू पाठविलास, त्यात शांतता, मताधिकार, उद्योग आणि राजकारण अशी चार प्रकरणे पाडलेली आहेत. ही मांडणी सोयीची खरी. पण तिने या पत्रांतील जीवच निघून जाईल, कारण ॲडम्स यांच्या लेखी हे विषय चार नव्हतेच, आणि एका प्रश्नावर घेतलेल्या भूमिकेची किंमत त्यांना अनेकदा दुसऱ्याच प्रश्नावर मोजावी लागली.

इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल गावच्या सधन गिरणीमालकाच्या या मुलीने १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर ‘हल हाउस’ सुरू केले. ही संस्था ‘सेटलमेंट’ प्रकारची होती, म्हणजे सुशिक्षित मंडळींनी गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड थाटायचे, तेथे वर्ग आणि पाळणाघर चालवायचे आणि शेजाऱ्यांचे प्रश्न आपलेच मानायचे. शेजारी बहुतेक युरोपातून आलेले कामगार होते, त्यामुळे उद्योगाचा प्रश्न पुस्तकातून नव्हे, तर उंबऱ्यावरून आत आला. कोंदट घरांत अल्प मजुरीवर कपडे शिवून घेण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून हल हाउसमधील फ्लॉरेन्स केली झटत होत्या. तो नाद सोडल्यास संस्थेला ५०,००० डॉलर मिळतील, असे कारखानदारांच्या वतीने सुचविले गेले. ॲडम्स यांनी ते नाकारले आणि १८९३ मध्ये कायदा झाला. मात्र स्त्रियांसाठी आठ तासांच्या दिवसाचे त्यातील कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले.

प्रबंधाचा पाया मात्र १८९४ या वर्षात शोधावा लागेल. रेल्वेचे डबे बनविणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्याच गावातील घरभाडे कमी केले नाही, म्हणून संप पेटला. लवादासाठी झालेल्या प्रयत्नांत ॲडम्स होत्या आणि जॉर्ज पुलमन यांनी लवाद साफ धुडकावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी पत्नी ॲलिस यांना लिहिलेली पत्रे ॲडम्स यांच्या हातची नसली, तरी ती वगळल्यास त्यांच्या पुढच्या पत्रांचा अर्थ लागणार नाही. हितसंबंधांचा संघर्ष खरा आणि अटळ असतो, असा वाद ड्यूई यांनी ॲडम्स यांच्याशी घातला होता. ॲडम्स यांचे म्हणणे असे की, वैर हे वस्तुस्थितीतल्या भेदातून उपजत नाही, माणूस त्यात आपला अहंकार मिसळतो तेव्हा ते उपजते, आणि म्हणून ते निरुपयोगीच नव्हे तर अनावश्यकही असते. ही श्रद्धा पाहून ड्यूई आधी थक्क झाले, आणि मग आपणच गोष्ट उलटी धरली होती, अशी कबुली त्यांनी पत्नीला दिली. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झालेल्या ड्यूई यांच्या लोकशाहीविचारामागे हल हाउसमधील हा संवादही होता, हे मराठी वाचकाने जाणून घ्यावे. पुलमन प्रकरणावर ॲडम्स यांनी लिहिलेला निबंध मात्र १९१२ पर्यंत छापला गेला नाही. शेक्सपियरच्या लिअर राजाप्रमाणे मुलींकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणारा बाप त्यांनी मालकात पाहिला होता.

मताधिकाराचे समर्थनही वस्तीतल्या प्रश्नांच्या याच वाटेने आले. १८९५ मध्ये त्या आपल्या वॉर्डात कचरा उचलण्याच्या कामाच्या निरीक्षक झाल्या. पाणी, दूध, सांडपाणी ही घरची कामे आता नगरपालिकेच्या हाती गेली असताना स्त्रीला मत नाकारणे म्हणजे तिचे घरच तिच्या हातून काढून घेणे होय, असा त्यांच्या १९१० मधील प्रसिद्ध लेखाचा रोख आहे.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत भरलेल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनात थिओडोर रूझवेल्ट यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला त्यांनी अनुमोदन दिले, कारण पक्षाच्या जाहीरनाम्यात स्त्री-मताधिकार आणि बालमजुरीबंदी दोन्ही होते. पण त्याच जाहीरनाम्यात दरवर्षी दोन युद्धनौका बांधण्याचे कलम होते, आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनात जागा नाकारली गेली होती. ॲडम्स यांनी आत विरोध केला, तरी त्या पक्षात राहिल्या, आणि ‘द क्रायसिस’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकात त्यांनी आपली बाजू मांडली. ती बाजू दुबळी आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. ज्यांच्या अपमानाची दखल पुढे ढकलली गेली, त्यांना मताधिकाराच्या लाभाने भरपाई मिळत नव्हती.

तीनच वर्षांनी, एप्रिल १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना हेग येथे १२ देशांतील हजाराहून अधिक स्त्रियांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान ॲडम्स यांनी भूषविले. तटस्थ राष्ट्रांनी युद्धविरामाची वाट न पाहता दोन्ही पक्षांपुढे तडजोडीचे प्रस्ताव ठेवीत राहावे, ही तिथली ‘अखंड मध्यस्थी’ची कल्पना पुलमनपुढे मांडलेल्या लवादाचीच वाढलेली आकृती होय; ती घेऊन त्या युरोपच्या राजधान्यांत गेल्या. या परिषदेचा मूर्खपणा आणि हीनपणा म्हणून धिक्कार करणारे पत्र रूझवेल्ट यांचे होते, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या युद्धप्रवेशाला पाठिंबा देणाऱ्यांत ड्यूई होते. १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक ॲडम्स यांना निकोलस मरे बटलर यांच्यासह विभागून मिळाले. याच बटलर यांच्या अध्यक्षपदाच्या काळात कोलंबिया विद्यापीठाने १९१७ मध्ये युद्धविरोधी प्राध्यापकांना काढले होते.

म्हणून आराखडा तारखेच्या क्रमाने पुन्हा करावास, आणि १९१२ व १९१५ ही वर्षे एकाच प्रकरणात घ्यावीस. स्वार्थमोर महाविद्यालयातील शांतताविषयक संग्रहाची सुरुवात ॲडम्स यांनी दिलेल्या कागदपत्रांपासून झाली. त्यातील पत्रांबरोबर त्यांना आलेली उत्तरेही वाचावीस, विशेषतः रागाने लिहिलेली.