सुमे, तुमच्या कंपनीतलं गवत कोण कापतं?

विक्रोळी (पूर्व)

प्रिय सुमे,

तुझी मेल मिळाली. 'आपल्या पंपांच्या कारखान्याने जैवविविधतेसाठी काय करावं, दोन पानांत लिहून आण,' असं साहेबाने सांगितलं आणि स्टुटगार्टात बसून तुला मी आठवले! का, तर मी खाडीकाठी राहते आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून भटकते म्हणून. एवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ ठरवलंस. ठरवलंसच आहे, तर आता ऐक.

तुझ्या यादीतली पहिलीच ओळ वाचून मला हसू फुटलं. 'एक हजार झाडं लावणे. सर्वांना हिरवे टी-शर्ट.' अगं, हे तर आमच्याकडे दर पाच जूनला चालतं. खड्डे आधीच खणून ठेवलेले, साहेबांच्या हातात रोप, फोटो, मग वडापाव. पुढच्या जूनला बहुतेक वेळा त्याच खड्ड्यात नवं रोप. झाडं लावू नयेत असं मी म्हणत नाही. पण कारखान्याकडे जागा असते, पाणी असतं, पहारेकरी असतात आणि मुख्य म्हणजे पुढची पन्नास वर्षं तिथंच बसायची तयारी असते. एवढं सगळं हाताशी असताना त्यातून फक्त टी-शर्ट निघावेत?

लांब कशाला जायचं, आपल्या नाकासमोरचं घे. पिरोजशा गोदरेजांनी १९४० च्या दशकात विक्रोळीची जमीन घेतली आणि कारखाना लालबागहून हळूहळू इकडे आणला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथल्याच, १९५५ चा तो पहिला भारतीय टाइपरायटरही इथलाच. हे तुला पाठ आहे, कारण आपल्या चाळीत निम्म्या घरांतला कोणी ना कोणी 'गोदरेजला' होता. पण मुंबईतली ती तीन हजार एकरांच्या वरची जमीन नुसती कारखान्याची आणि कॉलनीची नव्हे. त्यातलं सुमारे १७५० एकर तिवरांचं रान आहे. हमरस्त्यावरून बस जाताना डावी-उजवीकडे जे हिरवं दिसायचं आणि ओहोटीला ज्याचा वास यायचा, तेच.

आता यातली मला आवडणारी गोष्ट सांगते. भरतीच्या पट्ट्यात बांधकाम करू नये असा किनारपट्टीचा नियम देशात आला १९९१ ला. कंपनीने या रानासाठी 'सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी पर्यावरण केंद्र' काढलं १९८५ ला. तोवर तिवर म्हणजे दलदल, दलदल म्हणजे डास आणि डास म्हणजे भराव टाकून मोकळं व्हायचं, असाच मुंबईचा खाक्या होता. बांद्र्यापासून वाशीपर्यंत तेच झालं. अशा काळात सोहराबजी गोदरेजांसारखा माणूस कंपनीत होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचं अध्यक्षपद भूषवलेला, निसर्गाचं वेड असलेला असा उद्योगपती. नियम नसताना हात आवरणारे थोडे असतात. नियम आल्यावर आवरणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही.

'राखलं म्हणजे केलं काय?' असं तुझा जर्मन साहेब विचारेल. सांग त्याला, की तिवर काही कुंपण घालून राखता येत नाहीत. त्यांना दिवसातून दोनदा खाडीचं पाणी आत यायला लागतं आणि बाहेर जायला लागतं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं पेन्सिलीसारखी वर काढून ती झाडं श्वास घेतात. एखादा रस्ता किंवा बांध घालून पाण्याची वाट अडवली, की कुऱ्हाड न चालवता अख्खं रान वाळतं. मुंबईत ही युक्ती कितीदा वापरली गेली ते तुला माहीत आहे. आधी बांध, मग वाळलेली झाडं, मग 'इथं जंगल नव्हतंच' असा कागद. शिवाय रात्रीचे डंपर येऊन राडारोडा ओतून जातात, ते वेगळंच. म्हणून राखणं म्हणजे पाणी खेळतं ठेवणं, रात्री पहारा ठेवणं, रोपवाटिका चालवणं, अभ्यासकांना आत येऊ देणं आणि शाळेच्या पोरांना चिखलातला निवट्या दाखवणं. हे सगळं पगारी माणसं लावून, वर्षानुवर्षं. फोटो काढण्यासारखं त्यात फार कमी असतं.

आणि गंमत म्हणजे या रानाला आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र आहे! कारखान्याच्या भट्टीला, भांडाराला मिळतं ते जंगलाला. आधी मी या गोष्टीची टिंगल करायचे. आता वाटतं, यात एक शहाणपण आहे. जे ऑडिटच्या वहीत येतं त्याला बजेट मिळतं, आणि नवा मॅनेजर आला तरी ते एका फटक्यात बंद करता येत नाही. सोहराबजी गेले २००० साली, पण रान त्यांच्याबरोबर गेलं नाही. तुमच्याकडे तर ऑडिटवर लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास, तेव्हा हा मुद्दा नक्की घाल.

त्या रानात तिवर आहे, चिपी आहे, कांदळ आहे, काटेरी पानांची मारांडी आहे. दोनशेच्या आसपास जातींचे पक्षी तिथे नोंदले गेलेत. खाडीच्या आपल्याच अंगाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, १६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात ते लाखाच्या घरात. गंमत बघ, ते इतक्या संख्येने येतात ते आपल्या सांडपाण्यावर पोसलेल्या शेवाळामुळे, असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे खाडी 'सुधारली' म्हणून टाळ्या वाजवताना जरा जपून.

आता तू म्हणशील, ही काय जाहिरात लिहिते आहे. तर दुसरी बाजूही लिही. ही जमीन मुंबईतली, तिची किंमत आकड्यांत मावत नाही. तिवर राखणारी कंपनी शेजारच्या कोरड्या जमिनीवर टॉवरही बांधते. आणि मालकाने राखलेलं रानसुद्धा शेवटी मालकाच्या हाती नसतंच. बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीतली जागा सरकारने घेतली, २६४ कोटी मोबदला ठरवला. कंपनी कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रकल्पासाठी मुंबई, पालघर आणि ठाणे मिळून सुमारे २२ हजार तिवरं तोडायची परवानगी उच्च न्यायालयाने दिली होती. गाडी ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरच्या बोगद्यातून जाणार, म्हणजे वरचं रान वाचावं याचा विचार झाला हे खरं. पण खासगी कंपनीच्या भलेपणावर जंगल सोडून द्यावं, असं यातून कुणी शिकू नये. कंपनीने राखावं आणि कायद्याने त्या राखण्याला टेकू द्यावा, दोन्ही हवं.

बरं, तुमच्याकडे खाडी नाही, तिवर नाही. साहेब म्हणेल आमच्या हद्दीत तर नुसतं डांबर आहे. त्याच्यासाठी दुसरं उदाहरण ठेव, मिठापूरचं. गुजरातेत ओखामंडळात टाटा केमिकल्सचा सोडा ॲशचा कारखाना आहे. तिथून किनाऱ्याने खाली गेलं की पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ. या बंदरांतले कोळी व्हेल शार्क मारायचे. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस परदेशी पाठवायला. माईक पांडे यांनी त्यावर फिल्म काढली, हलकल्लोळ झाला, आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. पण कायद्याने कोळ्याचं जाळं भरून मिळत नाही. म्हणून २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली. रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही मासळी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला कोणी मारतं का? गुजराती कोळ्याला ते जिव्हारी लागलं. आपल्या कोळीवाड्यातही लागलं असतं.

पण नुसत्या माहेरावर भागलं नसतं. जाळ्यात अडकलेला मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं महाग. त्याची भरपाई सरकार देऊ लागलं, २५ हजारांपर्यंत. आधी वनखात्याचा माणूस समुद्रात येऊन बघेपर्यंत मासा तासन्‌तास अडकून पडायचा. मग कोळ्यांनाच कॅमेरे दिले. कापा, सोडा, फोटो दाखवा, पैसे घ्या. आजवर आठशेंहून अधिक व्हेल शार्क असे सुटलेत. कोळ्यावर विश्वास टाकला म्हणून जमलं, हे मी ठळक करून लिहीन. सोडा ॲश आणि व्हेल शार्क यांचा शेजारपणापलीकडे काही संबंध नाही. कंपनीने पैसा दिला, पण एका वर्षाचा अहवाल काढून निघून गेली नाही, वीस वर्षांच्या आसपास टिकली. सीएसआरच्या जगात हे दुर्मीळ आहे गं. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना दोन टक्के खर्च करायला लावलेत, पण ते मार्चअखेर संपवायची घाई असते आणि जंगलाला मार्च कळत नाही.

आता तुमचं. तुमच्या देशातला सगळ्यात भीतिदायक आकडा तुमच्याच लोकांनी काढलाय. क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी १९८९ पासून संरक्षित जागांत सापळे लावून उडते कीटक तोलले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, की २७ वर्षांत त्यांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं. तेव्हा साहेबाला हजार झाडांऐवजी आधी रात्री कारखान्याभोवती फिरवून आण. किती दिवे कोणासाठी जळतात ते मोज. पांढऱ्या दिव्याभोवती फिरून फिरून रात्रभरात कितीतरी किडे मरतात. दिवे खाली वळवले, पिवळसर केले, गरज नाही तिथे विझवले, तर फायदा त्यांचाही आणि वीजबिलाचाही. मग हिरवळ. तू पाठवलेल्या फोटोत ऑफिससमोरचं ते गुळगुळीत गवत बिलियर्डच्या टेबलासारखं दिसतंय. त्यात एक मुंगी जगत असेल तर शपथ. वर्षातून एक-दोनदाच कापा, कापलेलं उचलून न्या म्हणजे जमीन फार सुपीक होत नाही आणि रानफुलांना वाव मिळतो. फुलं आली की माश्या, फुलपाखरं येतात. दगडगोट्यांच्या बागा घालायला तुमच्या राज्यात कायद्यानेच मनाई आहे ना? मग गवताच्या बाजूने कायदाही आहे म्हणायचं.

काचेच्या भिंतींवर पक्षी आपटतात का तेही बघ. सकाळी झाडणाऱ्या माणसाला विचार, साहेबाला नको. त्याला माहीत असतं. आणि पंप बनवता म्हणजे ओतकामाची वाळू, कटिंग ऑइल, रंगाचा गाळ असणारच. ते जातं कुठे, हा प्रश्न बैठकीत तूच विचारायचास. तिथे खोलीत जरा शांतता पसरेल. पसरू दे.

दोन पानांत हे बसणार नाही, माहीत आहे. पण पहिल्या पानावर फक्त कारखान्याचा नकाशा काढ, त्यात गवत, दिवे, काच आणि पाण्याची वाट दाखव. हजार झाडं दुसऱ्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. बैठक कधी आहे कळव, आणि गवत कापायचं कंत्राट कोणाकडे आहे ते आधी विचारून ठेव. खरा अडथळा तोच निघेल बघ. आई विचारते, यंदा गणपतीला येणार का? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझी,
मंगल