क्लासचें माहेर

‘क्लास’ची व्याख्या आम्हांस मुखोद्गत होती; पण गुरुजींनीं तिकिटांच्या रांगेची नक्कल संगणकावर करावयास सांगितली, तेव्हां आमची बोबडी वळली! आणि गंमत अशी कीं, असल्या नकलांसाठींच ती कल्पना जन्मली. ऑस्लो येथें ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगोर यांनीं १९६७ सालीं ‘सिम्युला ६७’ ही भाषा सिद्ध केली. वस्तूची माहिती व तिचें वर्तन एकत्र बांधणारा सांचा, तोच त्यांचा क्लास. पुढें स्ट्राउस्ट्रुप यांस केंब्रिजमध्यें ती रुचली, पण फार मंद वाटली. १९७९ सालीं त्यांनीं सी भाषेला क्लास जोडण्यास आरंभ केला. तीच आमची सी प्लस प्लस. डाल व नीगोर दोघेहि २००२ सालीं वारले. आमच्या वहींत त्यांचें नांवहि नव्हतें! त्या रात्रीं आम्ही ‘उतारू’ नांवाचा क्लास लिहिला, आणि रांग हलूं लागली.