जळालेली मोटर उघडल्यावर

उन्हाळ्यात रिवाइंडिंगच्या दुकानासमोर जळालेल्या मोटरांची रांग लागते. आमच्या विहिरीवरची पाणबुडी मोटर घेऊन गेलो, तेव्हा मिस्त्रींनी पाच एचपीची मोनोब्लॉक उघडली होती. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या, तिसरीचं तांबं मात्र लकाकत होतं.

“फेज गेलेला,” ते म्हणाले.

स्टार जोडणीच्या मोटरचा एक फेज गेला की सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. त्यात तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. तरी तांबं वितळत नाही, त्याला हजाराहून जास्त अंश लागतात. आधी जातं ते तारेवरचं इन्सुलेशन. ‘एफ’ वर्गाचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकतं. त्यापुढे दर दहा अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

म्हणून तर मोटरच्या अंगावर पाती असतात आणि मागचा पंखा त्यांच्यावरून हवा ढकलतो. त्याच पात्यांत चिखल वाळलेला असतो. भिजू नये म्हणून पोतं गुंडाळून चालवलेल्या मोटरा कितीतरी मळ्यांत दिसतात, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. छप्पर जरूर करावं, पण मोटरचा वारा अडवू नये.

आमच्या मोटरची गोष्ट वेगळी निघाली. तिन्ही फेजच्या तारांचं प्लास्टिकचं वेष्टन सारखंच मऊ होऊन एकमेकांना चिकटलं होतं. म्हणजे फेज गेलेला नव्हता. पाण्यात बुडालेली मोटर तापेलच कशी, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. मिस्त्रींनी बॉडीवरचा वाळलेला गाळ नखाने खरवडून दाखवला.

पाणबुडीत मोटर खाली, पंप वर आणि मधे पाणी ओढायची जाळी. अरुंद बोअरमध्ये खालून येणारं पाणी मोटरला घासून जाळीत जातं आणि तिची उष्णता घेऊन जातं. रुंद विहिरीत पाणी बाजूनेच जाळीत शिरतं. मोटरभोवतीचं जागचं हलत नाही. आमची तर तळाच्या गाळात रुतलेली.

नवं वाइंडिंग झाल्यावर मिस्त्रींनी मोटरवर रुंद पाइपाचं आवरण चढवलं, जाळीच्या वर बंद, खाली उघडं, म्हणजे पाण्याला मोटरवरूनच यावं लागेल. उतरवताना दोर आखडता घेऊन मोटर गाळापासून चांगली वर टांगली.