खोक्याचा हिशेब

घरी बसून दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकणारी घरे आमच्या वाघोडियातही आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. कोणाचे लोणचे, कोणाचे भरतकाम, कोणाच्या शिवलेल्या पिशव्या. अशा उद्योगाचे कौतुक होते तेव्हा ते मालाचे होते, विकणारीच्या चिकाटीचे होते. परंतु तो माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून प्रवास करतो त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. खोके फोडले जाते आणि पस्तीत जाते. (बडोद्याच्या मराठी घरांतून ‘रद्दी’ केव्हा गेली आणि ‘पस्ती’ केव्हा आली, हे एखाद्या भाषाभ्यासकाने शोधून काढण्यासारखे आहे.) लहान विक्रेत्याचा नफा बहुतेक वेळा या पस्तीत जाणाऱ्या वस्तूबरोबरच जातो, असे आमचे मत झाले आहे, आणि ते होण्यास आमच्या शेजारच्या सूनबाई कारण झाल्या.

शेजारचे कुटुंब आमच्यासारखेच. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी आले आणि येथलेच झाले. मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर होता. तेथील काम सुटले, तेव्हा सूनबाईंनी चकली, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे करून विकण्यास आरंभ केला. सुरत, नवसारी, अहमदाबाद येथील मराठी घरांतून मागणी येऊ लागली. १ ऑक्टोबर २०२३ पासून, जी. एस. टी.ची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेतून आपल्याच राज्यात माल विकण्याची मुभा मिळाली आहे. तिचा लाभ त्यांनी घेतला. माल खपत होता, तक्रार नव्हती, आणि तरीही महिनाअखेर हातात काही उरत नव्हते. घरात ‘बंद कर आता’ अशी भाषा सुरू झाली होती.

२०२५ च्या भाद्रपदात एके संध्याकाळी त्या वही घेऊन आमच्याकडे आल्या. “काका, तुम्ही तोलमाप खात्यात होतात ना? मग हे वजन कोणतं ते मला सांगा. मी सव्वा किलो फराळ भरला आणि कुरिअरवाल्यानं तीन किलोचे पैसे लावलेत.”

आमची उभी हयात तोलमापात गेली. काट्याची दांडी, खोटी मापे, पाकिटावर न छापलेले निव्वळ वजन, यांच्या मागे आम्ही जिल्हाभर हिंडलो. १९७६ चा जुना कायदा जाऊन २००९ चा नवा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला, तेव्हा त्याची कलमे आम्ही रात्री जागून वाचली होती. परंतु हे वजन काट्यावर येणारे नव्हते. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास ५००० ने भागतात. (काही ठिकाणी भाजक निराळा असतो.) जे उत्तर येते ते किलोग्रॅम मानायचे, आणि ते प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर आकार त्यावर. सूनबाईंनी औषधांच्या दुकानातून फुकट आणलेले खोके ३० बाय २५ बाय २० चे होते. गुणाकार १५,०००, भागाकार ३. आत सव्वा किलो फराळ आणि वर चोळामोळा केलेले कागद.

यात लबाडी नाही, हे आम्ही त्यांस प्रथम सांगितले. टेम्पो वजनाने भरण्याआधी जागेने भरतो. कापसाची गासडी आणि लोखंडाची कांब एकाच दराने नेली तर वाहतूकदार बुडेल. तरीही आमच्या मनास ती गोष्ट लागून राहिली. गरीब माणूस खोके फुकट मिळवून पैसे वाचवतो, आणि तेच खोके त्याच्याकडून पोकळीचे भाडे वसूल करते. स्वस्त सामान शोधायचे म्हणजे प्रथम लहान सामान शोधायचे, एवढे त्या संध्याकाळी ठरले. चिवड्याला त्याच बैठकीत फराळाच्या संचातून निरोप मिळाला. पोह्यांचा चिवडा म्हणजे वजनाला काही नाही आणि जागेला सगळे. कुरिअरवाल्याचा तो मित्रच.

फराळ बाहेरगावी पाठविणे आपल्या लोकांना काही नवे नाही. वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल: वनस्पती तुपाचा रिकामा डबा धुऊन, उन्हात वाळवून, त्यात तळाशी लाडू आणि वर चकल्या रचल्या जात, झाकणाच्या कडेला कणकेचे किंवा मेणाचे लिंपण, मग सगळ्याला मांजरपाटाचे आवरण दाभणाने शिवले जाई. शिवणीवर लाखेची मोहोर आणि कापडावर शाईच्या काडीने पत्ता. या बांधणीला खर्च लागे तो आईच्या दुपारीचा, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नसे. 

आणि बडोद्याला तर खोक्यातून माल गावोगाव पोहोचविण्याचा याहून मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून ग्रंथालय खाते उभे केले, पुढे ज. स. कुडाळकरांनी ते काम सांभाळले. त्या खात्याची फिरती ग्रंथालये म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या मजबूत लाकडी पेट्या होत्या. पेटी गावात जाई, लोक पुस्तके वाचीत, पेटी परत येई आणि दुसऱ्या गावी निघे. वाचकाकडून वर्गणी नाही, आणि वाहतुकीचा भारही गावावर नाही. तीच पेटी पुन्हा पुन्हा वापरली जात असल्याने तिचा खर्च अनेक फेऱ्यांवर विभागला जाई. आजचे पुठ्ठ्याचे खोके एकाच फेरीचे, आणि त्या फेरीचा सारा भार पाठविणारीवर. सूनबाईंस हा इतिहास ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, “महाराज आता कुठून आणायचे, काका?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग शोध सुरू झाला. शहरात मंगळबाजारच्या कापडवाल्यांकडे जुनी खोकी मिळतात. पण ती कापडाच्या मापाची, म्हणजे पुन्हा पोकळी आलीच. जुने खोके उलटे करून वापरण्याची युक्ती चांगली आहे: जोड सोडवायचा, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा चिकटवायचे, की छापील नावे आत जातात. परंतु घडीवर एकदा मोडलेला पुठ्ठा दुसऱ्यांदा तेवढा भार सोसत नाही, आणि पावसाळ्यात तर कागद दमट होऊन अधिकच लेचापेचा होतो. फुटकळ विकणाऱ्याकडे नवी खोकी पंचवीस-पन्नासच्या गठ्ठ्यांत मिळाली; त्यांचा नगामागे दर ऐकून सूनबाईंनी वही मिटली. 

अखेरीस आम्ही वाघोडियाच्याच जी. आय. डी. सी.त खोकी तयार करणाऱ्या एका कारखान्यात गेलो. घरापासून हाकेच्या अंतरावर वस्तू तयार होते आणि आपण ती शहरातून चौथ्या हातून विकत घेतो, हे आपल्याकडे नेहमीचेच. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ होते. वापी, मोरबीकडील गिरण्यांत जुन्या पस्तीचाच लगदा होऊन तपकिरी क्राफ्ट कागदाची रिळे येतात. त्यांतील एक कागद तापलेल्या दातेरी रुळांमधून जाऊन नागमोडी होतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस खळीने सपाट कागद चिकटवला की तीन पदरी पुठ्ठा झाला. हा नागमोडी कागद १८५६ साली इंग्लंडात टोपीच्या अस्तरासाठी निघाला. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग केला. खोक्याच्या उभ्या भिंतींत या नाल्या उभ्या यावयास हव्यात, खांबांसारख्या; आडव्या आल्या तर वरचे ओझे खोके दाबून टाकते. विकत घेताना एवढे एक पाहिले तरी पुष्कळ.

खोक्याची किंमत कागदाच्या वजनावर ठरते, हे समजल्यावर आम्हांस आपल्या मुलुखात आल्यासारखे वाटले. कारखानदाराच्याच टेबलावर हिशेब मांडला. २५ बाय १८ बाय १२ च्या खोक्यास, जोडाची पट्टी धरून, ९० बाय ३० सेंटिमीटरचा पुठ्ठा लागतो. म्हणजे चौरस मीटरच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. तिन्ही पदर १२० ग्रॅमच्या कागदाचे धरले आणि नागमोडी पदरास सुमारे दीडपट लांबी लागते हे लक्षात घेतले, तर एका खोक्यात ११० ग्रॅमच्या आसपास कागद जातो. औषधवाल्याच्या खोक्याच्या मापाला त्याच हिशेबाने दोनशे ग्रॅमहून अधिक. आणि नव्या मापाचे कुरिअरचे वजन? ५४०० भागिले ५०००, म्हणजे एक किलो ऐंशी ग्रॅम. प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त भरत असल्याने आकार खऱ्या वजनावर, दीड किलोच्या आत. तीन किलोचे भाडे निम्म्यावर आले. तेही फुकटच्या खोक्याऐवजी विकतचे घेऊन.

अडचण निराळीच निघाली. “साहेब, हजाराखाली मशीन लावणं परवडत नाही,” कारखानदार म्हणाले. त्यांचेही खरे होते. माप बदलायचे म्हणजे पाती, खाचा, घड्यांच्या रेघा सगळे नव्याने जुळवायचे. त्या वेळात दुसऱ्या गिऱ्हाइकाची दोन-तीन हजार खोकी निघतात. शिवाय त्या दिवसांत ते कराच्या चिंतेत होते. पुठ्ठ्याच्या खोक्यावरील जी. एस. टी. १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ टक्के होता, १५ जुलै २०२४ पासून १२ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, ५ टक्क्यांवर यावयाचा होता. क्राफ्ट कागदावर मात्र १८ टक्के लागणार होता. कच्च्या मालावर जास्त आणि पक्क्यावर कमी, हे उलटे गणित कारखानदाराचे भांडवल अडकवते. सूनबाईंसारख्या नोंदणी नसलेल्या ग्राहकाला मात्र भरलेला कर परत मिळण्याचा मार्गच नसतो, तेव्हा कराची घट ही त्यांची सरळ बचत. एकाच निर्णयाने टेबलाच्या एका बाजूस सुस्कारा आणि दुसऱ्या बाजूस हुश्श. नव्या दराची वाट पाहून ऑर्डर घटस्थापनेनंतर द्यावी, असे आम्ही सुचविले आणि कारखानदार हसले.

हजार खोकी एका घरास वर्षभर पुरून उरली असती, आणि तेवढे पैसे आगाऊ घालण्याची त्या घराची ऐपत नव्हती. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सूत्रे हाती घेतली. महिला मंडळातील ओळखीने पाच घरे जमविली: दोन फराळवाल्या, एक मसालेवाली, एक मेणबत्त्या करणारी आणि एक पापडवाल्या. सर्वांना एकच माप पटविणे हे आम्ही पूर्वी घेतलेल्या कोणत्याही खातेनिहाय बैठकीहून कठीण गेले. मसालेवालीला उंची कमी हवी, मेणबत्तीवालीला जास्त. पापडवाल्या बाईंचे पापड त्या खोक्यात बसतच नव्हते. त्या बाजूला झाल्या. उरलेल्या चौघींनी आपापल्या वाट्याचे पैसे दिले. खोकी घडी घातलेली, चपटी येतात, म्हणून हजार खोकीही आमच्या आतल्या खोलीत दिवाणावर मावली. जमिनीवर ठेवू नयेत, ओल धरतात.

आता आतल्या भरणीचा प्रश्न होता. तळलेला पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावले आहे. छपाईची शाई तेलात उतरते. फराळ बंद पिशवीत असला तरी गिऱ्हाइकाने खोके उघडताच जुना अग्रलेख दिसावा, हे बरे नव्हे. एका छापखान्यातून कोऱ्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या मिळाल्या. पोतेभर पट्ट्या जवळजवळ फुकट. फुगेवाले प्लॅस्टिक फक्त अनारशांच्या पिशवीभोवती. मग परीक्षा झाली. तीस चकल्या भरून, वरखाली दोन्ही जोडांवर चिकटपट्टी लावून खोके आमच्या ओट्यावरून अंगणात तीनदा टाकले: एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. सात मोडल्या. पट्ट्या दाबून भरल्यावर दुसऱ्या खेपेस दोन. खोके हलवले असता आत काही हलता कामा नये, हा नियम सूनबाईंनी त्यावरून काढला. मोडलेल्या चकल्या परीक्षकांनी खाल्ल्या.

त्या दिवाळीत शेजारच्या घरून एकशे चाळीस खोकी गेली. वहीत प्रथमच शेवटच्या रकान्यात शिल्लक राहिली. थोडी होती, पण होती. ‘बंद कर’ ही भाषा थांबली. चिकटपट्टी लावण्याचे काम आता मुलगा करतो आणि सासूबाई पत्ते लिहितात. मेणबत्त्या करणाऱ्या बाईंनी आपला वाटा संपवून आमच्या दिवाणावरची आणखी पन्नास खोकी रोख पैसे देऊन नेली.

पापडवाल्या बाईंच्या मापाचे खोके मात्र अजून मिळालेले नाही. पापड वाटोळा आणि चपटा. त्यास २० बाय २० चे, सहा सेंटिमीटर उंचीचे खोके हवे, आणि तसे माप मागणाऱ्या आणखी तीन-चार जणी जमल्याखेरीज कारखान्यात यंत्र लावले जाणार नाही. सौभाग्यवतींच्या मते खाकऱ्याचे माप तेच असते, आणि खाकरा करणाऱ्या गुजराती भगिनी आमच्या गल्लीत दोन आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जावयाचे ठरले आहे.