दोन काळ्या, तीन काळ्या

नोबुयुकी त्सुजी पियानोसमोर बसला की आधी हात पसरून कीबोर्डची दोन्ही टोकं चाचपतो. ८८ पट्ट्यांचा पसारा एकदा अंगाला कळला, की मग शोपँ. हा जपानी वादक जन्मांध. २००९ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेचं सुवर्णपदक त्याला चीनच्या हाओचेन झांगबरोबर विभागून मिळालं. मला हे सगळं नंतर कळलं. आधी नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं होतं, आणि वादकाला दिसतं की नाही हे काही रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. लिस्टच्या ‘ला कांपानेला’त उजवा हात दोन-दोन सप्तकांच्या उड्या मारतो, बोट नेमकं पडलं की नाही, एवढंच कानाला समजतं.

जैनथ गावातल्या भजनात पेटीवाला तरी पट्ट्यांकडे कुठे बघतो? दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन. एवढा उंचवटा बोटाला पुरतो. ऐन कार्तिकात लाइट गेले म्हणून अभंग अडल्याचं कुणी ऐकलं नसेल.

त्सुजीला ब्रेल स्वरलिपी येते, पण ती वाचायला बोटं लागतात आणि वाजवायलाही तीच. म्हणून कुणीतरी डाव्या हाताचं वेगळं, उजव्याचं वेगळं वाजवून रेकॉर्ड करून देतं, आणि तो ऐकून पाठ करतो. तालमीत वाढलेल्यांना याचं नवल वाटू नये. फरक पुढे आहे. आपल्याकडे गुरूकडून उचललेली बंदिश शिष्य आपल्या अंगाने वाढवतो. शोपँमध्ये एक सूर इकडचा तिकडे चालत नाही. मोकळीक असते ती लयीत, वजनात, पेडलवरच्या पायात.

विष्णु दिगंबर पलुस्करांचं अगदी उलटं. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला गेले. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वरलिपीची पुस्तकं छापली, म्हणजे डोळ्यांनी वाचायचं गाणं! कानावर वाढलेल्या माणसाला कागदाचं महत्त्व जास्त कळलं असावं.

१९३२ च्या वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेत इम्रे उंगार हा अंध हंगेरियन वादक आणि अलेक्झांडर उनिन्स्की यांचे गुण सारखे झाले. नाणं उडवलं, उंगार दुसरा आला. आंधळा म्हणून कुणी त्याच्या पदरात पहिलं बक्षीस टाकलं नाही, हे मला फार आवडतं. ‘दिसत नसून एवढं वाजवतो’ या कौतुकात ऐकणं राहून जातं.

तेव्हा त्सुजीबद्दल माझी तक्रार सांगून टाकतो. त्याचा शोपँ कधीकधी फारच नितळ असतो. डावा हात लय धरून असताना उजव्याने थोडं रेंगाळावं, हट्ट करावा, तर हा वेळेवर घरी येतो. रॅखमनिनॉफच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत मात्र ऑर्केस्ट्रा अंगावर येतो, कंडक्टरचा हात दिसत नाही, आणि त्याच्या श्वासावर कान ठेवून हा आपली जागा पकडतो. तिथे मला खोट काढता आलेली नाही.