दगड घासणाऱ्याची सही कुठे असते?



मागच्या हिवाळ्यात मी पुण्यातल्या एका छापचित्र स्टुडिओत दोन आठवडे लिथोग्राफी शिकायला गेले होते. लिथोग्राफी म्हणजे दगडावरून छपाई. जुन्या लोकांचा शब्द शिळाछाप. पहिल्याच दगडावर मी मोठ्या उत्साहाने ‘जय भीम’ लिहिलं, छापून कागद उचलला, तर अक्षरं उलटी. आरशातच वाचता येतील अशी. वर्गातले सगळे हसले, मीही हसले. दगडावर जे लिहायचं ते उलटं लिहावं लागतं, एवढी साधी गोष्ट समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईच्या लक्षात आली नव्हती.

मी भंडारा जिल्ह्यात काम करते. पवनी, लाखांदूरकडच्या मुलींच्या शिक्षणाचं काम. कलाकार नाही. मग हे शिकायला का गेले? दरवर्षी १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की आम्ही फ्लेक्स छापतो. मोबाइलवर आलेली तीच डिझाइन, तोच सुटातला फोटो, खाली पुढाऱ्यांची मुंडकी. एकदा एका मुलीने विचारलं, “ताई, हे बाबासाहेबांचं चित्र बनवलं कोणी?” मला उत्तर देता आलं नाही. आपण छापून घेतो, छापत नाही. हे कुठेतरी टोचत होतं.

स्टुडिओत पहिले दोन दिवस चित्र काढू दिलं नाही. दगड घासायचा. लिथोचा उत्तम चुनखडीचा दगड जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या सोल्नहोफेनचा मानतात, आणि त्याच प्रांतात आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधली. दगड महाग आणि जड, म्हणून एकच दगड पिढ्यान् पिढ्या वापरतात. जुनं चित्र घासून काढायचं, नवं काढायचं. कार्बोरंडमची पावडर आणि पाणी टाकून दगडावर दगड फिरवायचा. आधी जाड पावडर, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक वेळी धुवायचं. एक खडा राहिला तर ओरखडा पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे शिकवायला कोणी प्राध्यापक नव्हते. स्टुडिओत बरीच वर्षं काम करणारे एक काका होते, मराठवाड्यातले. चाळीसेक किलोचा दगड ते कमरेला पट्टा बांधून उचलत. पहिल्या दिवशी ते मला ‘मॅडम’ म्हणत होते. माझ्या वहीवरचा निळ्या पेनाने काढलेला अशोकचक्राचा आकार त्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच म्हणाले, “जय भीम, ताई.”

त्यानंतर मी खरी शिकले. त्यांनी मला विज्ञान सांगितलं, तेही एका वाक्यात: “तेल आणि पाणी भांडतात, बाकी काही नाही.” चरबी, मेण, साबण आणि काजळीच्या खडूने दगडावर चित्र काढायचं. वर राळ आणि टाल्कची पूड मारायची. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून ते लावायचं. त्यामुळे जिथे चित्र नाही तिथला दगड पाणी धरून ठेवतो, जिथे चित्र आहे तिथे चरबी मुरते. नंतर टर्पेंटाइनने चित्र चक्क पुसून टाकायचं. मी घाबरले. दोन दिवसांचं काम डोळ्यांसमोर गेलं. काका म्हणाले, “वरचं गेलं, आतलं कुठं जातंय?” त्यांनी ओला स्पंज फिरवला, वरून शाईचा रोलर फिरवला, आणि चित्र परत उमटलं. पाण्याने शाई झिडकारली, चरबीने धरली.

तो रोलर चामड्याचा होता. इथेच माझ्यासाठी खरा प्रश्न सुरू झाला.

माझ्या पणजोबांच्या पिढीपर्यंत आमच्या घरात मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं, ती हाक आमच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागला. आजोबांनी ते काम सोडलं आणि त्याची किंमत मोजली. गावाने मजुरी बंद केली. त्या घरातली मी, दगडावर चरबीने चित्र काढत होते आणि हातात चामड्याचा रोलर होता. तेवढ्यात सोबतच्या एका शिकाऊ मुलाने गमतीने म्हटलं, “तुम्हाला बरं जमतंय चामड्याचं काम.” त्याला माझं आडनाव माहीत होतं. आजूबाजूला कोणी काही बोललं नाही. काका दगड धूत राहिले.

मी त्या दिवशी जेवले नाही. पण रात्री विचार केला तो रागाने नाही, इतिहासाने. मुंबईत गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी जातीच्या माणसाने स्वतः लाकडी यंत्र तयार करून, स्वतः शाई बनवून शिळाछपाई सुरू केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सनातन्यांना छापील पोथी विटाळाची वाटत होती, आणि त्यासाठी तुपाची शाई वापरली गेली, असं सांगतात. म्हणजे बघा, ज्ञान छापायला चरबी चालत नाही, पण ती चरबी काढणारा माणूस गावकुसाबाहेर रोज राबलेला चालतो.

माझा मुद्दा यापुढचा आहे. नवं तंत्र आलं की समाज आपोआप बदलतो, असं आपल्यातले अनेक मित्र मानतात. पूर्वी छापखाना, आज मोबाइल. पण शिळाछपाई आली तेव्हा शूद्र जातीच्या माणसाने छापलं काय? पंचांग. ज्या पंचांगाने मुहूर्त आणि विटाळ ठरत होता तेच. १८९४ मध्ये राजा रविवर्मांचा लिथो छापखाना मुंबईत निघाला आणि घराघरांत देव पोचले. ज्यांना देवळात जायला बंदी होती त्यांच्याही भिंतीवर देव आला. यंत्र बदललं, मजकूर तोच राहिला.

मजकूर बदलला तो यंत्रावर हक्क सांगणाऱ्यांनी. किसन फागोजी बनसोडे यांनी नागपुरात छापखाना काढला, पत्रं चालवली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, पुढे ‘बहिष्कृत भारत’, आणि स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. आणि एक गोष्ट आपल्या कार्यक्रमांत क्वचितच सांगितली जाते. भारताचं संविधान हेसुद्धा लिथोनेच छापलेलं आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेलं, नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवलेलं ते हस्तलिखित डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात फोटोलिथोग्राफीने छापलं गेलं, सुमारे हजार प्रती. तेल आणि पाणी भांडलं, आणि समतेचा कायदा उमटला. ज्या यंत्रांवर तो छापला ती पुढे भंगारात विकली गेली. लिहिणाऱ्याचं आणि सजवणाऱ्याचं नाव आपल्याला पाठ आहे. छापणाऱ्यांचं नाव मी एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

इथे पुन्हा काका आठवतात. दुसऱ्या आठवड्यात मी ॲल्युमिनियमच्या प्लेटवर काम केलं. प्लेट हलकी, स्वस्त, उचलायला कंबरपट्टा लागत नाही. पण दगड घासून पुन्हा नवा होतो, प्लेटचं तसं नाही, आणि दगडावर जी दुरुस्ती करता येते ती प्लेटवर तेवढी जमत नाही. आपल्या भंडाऱ्यातल्या ऑफसेट प्रेसमध्येही हीच प्लेट आणि हेच तेल-पाणी असतं. जयंतीची पत्रिका तशीच छापली जाते.

शेवटच्या दिवशी बारा प्रती निघाल्या. वैनगंगेच्या घाटावर डोक्यावर हंडा घेतलेली एक मुलगी, आणि या वेळी सुलट वाचता येणारं ‘जय भीम’. रीत अशी की कलाकार पेन्सिलीने खाली सही करतो. दगड घासला काकांनी, ॲसिडचे थेंब मोजले काकांनी, प्रेसचा दांडा अर्धा वेळ ओढला काकांनी. मी म्हटलं, “काका, तुम्हीपण सही करा.” ते म्हणाले, “आमची कधी नसते ताई.” इतकी वर्षं, इतक्या मोठ्या चित्रकारांची चित्रं छापून, एकाही कागदावर नाव नाही.

बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये सांगितलं आहे की जात ही फक्त श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. मी ते परीक्षेत दहादा लिहिलं होतं. समजलं त्या टेबलाजवळ. कोणी म्हणेल, हा कलेचा जगभरचा नियम आहे, इथे जात कशाला आणता? तर नियम जगभरचा नाही. अमेरिकेत १९६० मध्ये जून वेन यांनी टॅमरिंड ही लिथो कार्यशाळा काढली, तिथे छापणाऱ्याचा स्वतःचा उठावाचा शिक्का प्रत्येक प्रतीवर असतो. करायचं ठरवलं तर होतं. आपल्या नागपूरच्या सवी सावरकरांनी बडोद्यात छापचित्रकला शिकून अस्पृश्याच्या गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू कागदावर आणला. तोपर्यंत भारतीय कलेला ते दिसतच नव्हतं.

काकांनी शेवटी सही केली. नावाआधी ‘छापणार’ लिहिलं, हात थोडा थरथरत होता. एक प्रत त्यांनी घरी नेली. स्टुडिओच्या रीतीत त्याने काही बदल झाला असेल असं मला वाटत नाही.

मित्रांनो, गावोगाव लिथोचा दगड आणणं शक्य नाही, तेवढा पैसा आपल्याकडे नाही. मी मुलींना लिनोवर कोरायला शिकवते आहे, एका चमच्याने घासूनही प्रत निघते. पवनीच्या स्तूपांच्या उत्खननात दगडावर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं सापडली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात साध्या माणसाचं नाव दगडावर येत होतं. मुलींना मी ते दाखवायला नेते.

आणि एक विनंती. या १४ एप्रिलला पत्रिका छापाल तेव्हा खाली निवेदकांची वीस नावं असतात, तिथे एक ओळ वाढवा: छापणाऱ्याचं नाव. प्रेसमध्ये जाऊन विचारा, मशीनवर कोण उभं असतं. बहुतेक ठिकाणी तो आपलाच माणूस निघेल.

जय भीम, नमो बुद्धाय.