कुलपातली कुंभारीण



चातुर्मासाआधी गव्हाला ऊन दाखवायचं, हा आपल्या घरोघरचा नेम. दमट हवा लागली की टोके होतात, आणि मग निवडताना कोणाकोणाला वाचवणार? यंदा मात्र खोडदच्या घरी कोठीच्या खोलीचं कुलूपच उघडेना. तीन आठवडे मी लेकीकडे पुण्याला होते. तेवढ्यात कुंभारमाशीने किल्लीचं भोक मातीने छान लिंपून टाकलेलं.

नारायणगावहून कुलूपवाला आला. म्हणाला, "काकू, घासलेट सोडतो." मी हात धरला. आत तिचं अंडं असतं. पिल्लाला खायला तिने अळ्या आणून ठेवलेल्या असतात, मेलेल्या नव्हे, डंखाने सुन्न केलेल्या. माशी चतुरिंद्रिय. इरियावहियं रोज म्हणायचं आणि घासलेट ओतायचं, हे मला जमणारं नव्हतं.

हे म्हणाले, "मग महिनाभर थांबू, उडून जाईल." पण आभाळ भरून यायला लागलं होतं, आत सहा पोती गहू. न उघडावं तर टोके, उघडावं तर माशी. बी.कॉम. झालेली बाई मी, पण या हिशोबाची जमा-खर्चाची बाजू मला मांडता येईना.

शेवटी कुलूप तसंच ठेवून दाराची कडी कापायची ठरली. तो ग्राइंडर काढत होता. (आमच्या गावात त्या 45 मीटरच्या तबकड्या आकाशातले बारीक रेडिओ संदेश ऐकत बसतात, तिथे ठिणग्या कशाला, म्हणून त्याला चिडवलं.) खरं कारण हादऱ्याचं. कुलूप फडक्यात गुंडाळून मी धरलं आणि त्याने एक्सा ब्लेडने सावकाश कडी कापली. अर्धा तास कुरकुरत होता. नवी कडी आणि कोयंडा 140 रुपये, मजुरी वेगळी.

गहू चांगला निघाला, दोन दिवस गच्चीवर वाळवला. कुलूप पडवीत खुंटीला टांगलं. अकराव्या दिवशी मातीला वाटोळं भोक दिसलं.

नात विचारते, "आजी, माशी वाचली, पण त्या अळ्यांचं काय?" महाराजसाहेब चातुर्मासाला आले की त्यांना विचारीन म्हटलंय.

नव्या कुलपाच्या भोकावर कापडाची झडप शिवून बांधली आहे. आणि कुलपात गोडेतेल घालू नका, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बरी.